सदाफुलीचं झाड नव्हे, घराणं सांभाळा

नागपूरच्या बागेचा खरा कस मे महिन्यात लागतो. हिवाळ्यात इथे काहीही फुलतं. पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, शेवंती यांनी डिसेंबर-जानेवारीत अंगण भरून जातं आणि होळीनंतर ऊन चढलं की एकेक करून सगळी मंडळी आटोपतात. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढं दरवर्षी होत नाही, पण पंचेचाळीसच्या आसपासचे दिवस चुकत नाहीत. अशा दिवसांत गुलाबाच्या पाकळ्या दुपारपर्यंत करपतात, जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात. सदाफुली मात्र फुलत असते. गुलाबी, पांढरी, पांढऱ्यात लाल डोळ्याची. कुंपणाच्या कडेला, गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात, नालीच्या काठावर.

एवढं सोसते म्हणून लोक तिला गृहीत धरतात. ‘सदाफुलीला काय करावं लागतं?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि ‘दोन वर्षं छान होती, मग काय झालं कोण जाणे, गेली’ म्हणून हळहळणारेही बहुतेक तेच असतात. तिचं नाव सदाफुली असलं तरी तिचं आयुष्य लहान आहे. ती हंगामी नाही, बहुवर्षायू आहे. पण तीन-चार वर्षांची, फार तर पाच वर्षांची. त्यातली ऐन बहराची पहिली दोन. हे एकदा मनाशी पक्कं केलं की तिच्याशी कसं वागायचं ते आपोआप कळायला लागतं.

माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बागेतलं. झाडाचं दुखणं पानात दिसलं तरी आधी मुळाशी वाकून बघायचं, ही सवय तिथली. नागपुरात आल्यापासून अंगणात आणि पुढे गच्चीवरही मी सदाफुली वाढवते आहे. एवढ्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत जे पक्कं झालं, ते इथे मांडते.

१. झाडात जीव अडकवू नका, घराणं सांभाळा.

सदाफुलीचं म्हातारपण बुंध्यापासून सुरू होतं. पहिल्या वर्षी बुंधा हिरवट-तांबूस असतो, नखाने किंचित खरवडला तर आत ओलसर हिरवं लागतं. दुसऱ्या वर्षी तो करडा, लाकडासारखा होतो. तिसऱ्या वर्षी खालची पानं गळून नुसत्या काड्या उरतात आणि जी काही पानं-फुलं असतील ती शेंड्याला गोळा होतात. या अवस्थेतलं झाड वाचवायला लोक फार धडपडतात. शेणखत घालतात, कुंडी बदलतात, बुंध्यापासून छाटतात. जुन्या लाकडातून फुटवे येतात, नाही असं नाही, पण ते मोजके आणि अशक्त असतात. पुढच्या पावसाळ्यात बहुधा तेही जातात.

म्हणून माझ्याकडे कायम दोन-तीन वयांची सदाफुली असते. यंदाची रोपं, गेल्या वर्षीची भरात आलेली झाडं आणि त्याच्या आधीची, ज्यांच्याकडून आता फक्त बी घ्यायचं. उतरतीला लागलेलं झाड काढायच्या वेळी त्याची मुलं शेजारच्या वाफ्यात फुलायला लागलेली असली पाहिजेत. पाहुण्यांना वाटतं, हिच्या दारात तीच सदाफुली किती वर्षं टिकली आहे! टिकलेली असते ती जागा, आणि तो रंग.

२. ऊन पुरतं द्या.

दिवसातून निदान सहा तास थेट ऊन. अर्ध्या सावलीत ती मरत नाही, म्हणूनच फसगत होते. उंच, काटकुळी वाढते, दोन पेरांतलं अंतर लांबत जातं आणि फुलं तुरळक येतात. आपल्याकडे कूलरच्या खिडकीखाली, जिन्याच्या आडोशाला कुंड्या ठेवायची पद्धत आहे. ती जागा फर्नची, मनीप्लांटची. सदाफुलीला तिथे ठेवू नये.

मे महिन्यात दुपारी दीडच्या सुमाराला तिच्याकडे नीट बघावं. पानं मधल्या शिरेवर दुमडून वर उचललेली दिसतात, वही अर्धवट मिटावी तशी. बघणाऱ्याला वाटतं, झाडाने माना टाकल्या, आणि तो बादलीभर पाणी ओततो. हे मान टाकणं नव्हे. उन्हाला अंग कमी दाखवायचं आणि पाणी राखायचं, यासाठी केलेली ती सोय आहे. संध्याकाळी ऊन उतरलं की पानं पुन्हा सपाट होतात. सकाळी सहालाही पानं मिटलेली असतील तरच ती तहानलेली आहे असं समजावं. रोज सकाळ-संध्याकाळ एवढं बघितलं तरी पाण्याचं अर्धं गणित सुटतं.

जमिनीतल्या झाडाला नवतप्यातलं ऊनही चालतं. कुंडीचं तसं नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, तापलेल्या स्लॅबवर, मुळं अक्षरशः शिजतात. गच्चीवर मातीच्या कुंड्या घ्या, त्या विटांवर उचलून ठेवा आणि एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे एकीची सावली दुसरीच्या अंगावर पडते. झाडावर ऊन हवं, कुंडीवर नको.

३. पाणी हात राखून.

एका जुन्या माळीभाऊंनी मला हे पहिल्यांदा सांगितलं. मी नुकतीच लावलेली रोपं रोज न्हाऊ घालत होते. ते म्हणाले, “काकू, इले पानी कमी देत जा. हे तहानेनं नाही मरत, पान्यानं मरते.” त्यानंतर या वाक्याला अपवाद म्हणून मला फार थोडी झाडं भेटली.

मातीत बोटाचं दुसरं पेर बुडेपर्यंत बोट घालावं. तिथवर कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर उद्या. द्यायचं तेव्हा कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत द्यायचं, आणि ते मुळाशी, पानांवरून नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुंडीला हे रोज लागेल, जमिनीतल्या झाडाला तीन-चार दिवसांनी पुरतं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडांना घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण दिवसभर उडून उडून त्यातले क्षार घट्ट झालेले असतात. खसच्या ताट्यांवर पांढरी पुटं चढतात ती त्याचीच. मोठ्या झाडांच्या आळ्यात ते खुशाल जाऊ द्यावं. लहान कुंडीत मात्र मातीवर तीच पांढरी साय धरते आणि पानांच्या कडा जळतात.

४. काळ्या मातीला मुरूम आणि रेती हवी.

नागपूरची काळी माती कापसाला, तुरीला, संत्र्याला सोन्यासारखी. सदाफुलीला नाही. ही माती पावसात फुगते आणि पाणी धरून बसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सदाफुलीची मुळं हवेशीर, भुरभुरीत जागा शोधतात. नालीच्या काठच्या सिमेंटच्या फटीत ती मजेत वाढते आणि खत-माती घालून सजवलेल्या वाफ्यात कुजते, याचं कारण हेच आहे. फटीत पाणी थांबत नाही.

वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा. तळाला मुरूम, वर काळी माती, कन्हानची जाड रेती आणि पुरतं कुजलेलं शेणखत साधारण सारख्या भागाने. कुंडीत रेती थोडी जास्तच. बांधकामाची बारीक चाळलेली रेती नको, ती मातीत मिसळून उलट गच्च बसते. खताचा हात आवरता ठेवावा. युरियाचे दाणे टाकले की झाड हिरवंगार, माजलेलं दिसतं आणि फुलं द्यायची विसरतं.

दुसरी गोष्ट, चुना. आपल्या काळ्या मातीत चुनखडी पुष्कळ असते, वरून बोअरिंगचं जड पाणी. सदाफुलीला किंचित आम्लधर्मी माती आवडते. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि मग शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. उसावर, भुईमुगावर तो सगळ्यांनी पाहिलेला असतो, अंगणातल्या कुंडीत मात्र तो ओळखू येत नाही आणि माणूस आणखी पाणी घालतो. खालची पानं पिवळी पडली तर पाणी जास्त झालं आहे. वरची कोवळी पानं जाळीदार पिवळी पडली तर लोह कमी आहे. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि थोडासा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारलं की आठवड्याभरात नवी पानं हिरवी येतात. शक्य असेल तर पावसाचं पाणी साठवून तेच द्यावं.

५. सदाफुलीचा शत्रू पावसाळा आहे, आणि तो संत्र्याच्या शत्रूचा सख्खा भाऊ आहे.

उन्हाळा काढलेली झाडं जुलै-ऑगस्टमध्ये जातात, याचं लोकांना फार आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही, कारण माहेरी हेच दुखणं मी दुसऱ्या झाडावर बघितलं आहे.

संत्र्याच्या बागाईतदाराला डिंक्या माहीत असतो. बुंध्यातून डिंक पाझरतो, साल कुजते, मुळ्या सडतात आणि भरलेलं झाड पिवळं पडत वाळतं. त्यामागे फायटोफ्थोरा ही पाण्यात पोहत जाणारी, बुरशीसारखी जीवजात असते. नागपुरात अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, १९८५ साली राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली. तिच्या कामातला मोठा भाग या एका शत्रूशी झुंजण्याचा आहे. विदर्भातल्या संत्र्यावर या जीवाच्या ज्या जाती सापडतात त्यांतली एक, फायटोफ्थोरा निकोटियानी, सदाफुलीवरही येते. माहेरी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बुंध्यांना बोर्डो मलम लावत. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ते निळे बुंधे बघत मी मोठी झाले, आणि तरीही एखादं ओलं वर्ष बाग खाऊन जायचं.

सदाफुलीवर फायटोफ्थोराची लागण अशी दिसते. एखाद्या फांदीचा शेंडा अचानक मान टाकतो. जवळून बघितलं तर शेंड्याखाली बोटभर भाग गर्द तपकिरी, जवळजवळ काळा आणि पाणी सुटल्यासारखा झालेला असतो. त्याच्या वर पान कोमेजलेलं, खाली तजेलदार. दोन दिवसांत तो काळेपणा खाली उतरतो. बुंध्याशी पोचला की झाड संपलं.

औषधापेक्षा इथे शिस्त जास्त उपयोगी पडते. नागपुरात वर्षाला सरासरी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एवढे चार महिने झाडं दाटीने ठेवायची नाहीत, दोघींत फूटभर अंतर हवं. उन्हाळ्यात खेटवलेल्या कुंड्या मृगाच्या आधी सुट्या करायच्या. वाफ्यावर वाळलेल्या पानांचा पातळ थर पसरायचा, म्हणजे पावसाच्या थेंबाबरोबर माती पानांवर उडत नाही. रोग मातीतून वर चढतो तो या उडण्यातून. पाऊस असताना छाटणी अजिबात नाही, प्रत्येक काप म्हणजे उघडं दार. काळा पडलेला शेंडा दिसला की कोरड्या वेळी, दोन बोटं खाली निरोगी भागातून कापून कचऱ्यात टाकायचा, खताच्या खड्ड्यात नाही. कात्री लगेच स्पिरिटने पुसायची. आणि ज्या जागी झाड कुजलं त्या मातीत पुढची दोन-तीन वर्षं सदाफुली लावायची नाही. तिथे झेंडू लावा.

६. थंडीत तिला कोणी टोचू नये.

नागपूरची थंडी दिसते त्यापेक्षा बोचरी असते. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं. सदाफुली मूळची मादागास्करची, तिला हे झेपत नाही. पानं फिकट, लालसर होतात, फुलं लहान येतात किंवा थांबतात. या दिवसांत खत नाही, छाटणी नाही, पाणी अगदी बेताचं. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री उबदार व्हायला लागल्या की दुसऱ्या वर्षाच्या झाडांची एक तृतीयांश उंची कमी करावी आणि मूठभर गांडूळखत द्यावं. वर्षातली छाटणीची खरी वेळ हीच.

७. संकरित जाती आणाव्यात, गावठी सोडू नये.

आता बाजारात सदाफुली ‘व्हिन्का’ या नावाने मिळते. वीतभर उंचीच्या, एकमेकींवर चढलेल्या रुंद पाकळ्यांच्या, जर्द लाल, जर्दाळू, जांभळ्या. कुंडीतून खाली लोंबणाऱ्याही. पानाफुलांवरच्या फायटोफ्थोराला दाद न देणारी ‘कोरा’ ही मालिकाही निघाली आहे. मला हे रंग मनापासून आवडतात आणि गच्चीवर मी ते ठेवते. पण त्यांचं बी धरलं तर पुढची पिढी आईसारखी निघेल याचा भरवसा नाही. उंची बदलते, रंग फाटतात. आवडता रंग राखायचा तर छाटे. मार्चमध्ये किंवा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, न फुललेल्या शेंड्याचा चार बोटं लांब तुकडा घ्यायचा, खालची पानं काढायची आणि ओलसर रेतीत, सावलीत रोवायचा.

गावठी गुलाबी सदाफुली उंच वाढते, विस्कटलेली दिसते, एका वेळी फुलंही कमी देते. तरी ती माझ्या अंगणातून कधीच जाणार नाही. तिचं बी आपलं आपण पडतं, रुजतं आणि आईसारखंच निघतं. ज्याला घराणं सांभाळायचं आहे त्याने सुरुवात तिच्यापासून करावी.

८. अळीला मारायच्या आधी तिच्याकडे एकदा बघा.

पावसाळ्यात एखाद्या सकाळी सदाफुलीखालच्या फरशीवर मिरीएवढ्या काळ्या, ढोलकीच्या आकाराच्या लेंड्या दिसतात. वर बघावं तर निम्मी फांदी बोडकी. शोधल्याशिवाय अळी सापडत नाही, कारण ती पानाच्याच रंगाची आणि बोटाएवढी जाड असून देठाला चिकटून असते. मागच्या टोकाला आखूड पिवळं शिंग, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची रेघ. हात लावला की डोकं आत ओढून घेते आणि मानेवरचे दोन निळे-पांढरे ठिपके फुगून मोठ्या डोळ्यांसारखे दिसतात. चिमणी दचकून मागे सरते, ती या डोळ्यांना. हिच्यातून पुढे हिरव्या-गुलाबी संगमरवरी पंखांचा, वाऱ्यासारखा उडणारा पतंग निघतो.

सदाफुली, कण्हेर, तगर, सप्तपर्णी ही सगळी करवीर कुळातली झाडं, आणि ही अळी या कुळातल्या झाडांवर वाढते. या झाडांतलं कडू विष तिला बाधत नाही. गाय-बकरी जिला तोंड लावत नाही, ती सदाफुली हिला पोटभर चालते. माझ्या कुंपणाला कण्हेर आहे. अळी दिसली की पानासकट उचलून मी तिथे नेऊन ठेवते. कण्हेर मोठी आहे, तिला अळीचा भार कळतही नाही. फवारणीची गरज मला कधी पडली नाही.

९. हिरवी फुलं यायला लागली तर झाड लगेच उपटा.

पानं बारीक बारीक होऊन झुबक्याने येतात, फांद्या केरसुणीसारख्या दाटतात आणि पाकळ्या गुलाबी न होता हिरव्या, पानासारख्या होतात. काही जण हे नवलाचं फूल म्हणून जपतात. हा फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्मजीवाचा रोग आहे, तुडतुडे तो पसरवतात. वांग्यावरचा पर्णगुच्छ, ज्याला शेतकरी बोकड्याही म्हणतात, तो याच जातकुळीचा. त्याला घरगुती उपाय नाही. सदाफुलीला हा रोग इतका सहज होतो की जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासासाठी तो सदाफुलीवरच जतन करून ठेवतात. इथे मन घट्ट करावं; एका झाडासाठी बाकीची पणाला लावू नयेत.

१०. फुलं देवाला वाहा, पोटात घेऊ नका.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी कुंपणापाशी थांबून चार फुलं खुडतं आणि तिथेच चावतं. साखरेवर चांगलं, असं सांगतात. मी बाहेर येऊन म्हणते, “काका, पूजेला हवी तेवढी न्या, पण खाऊ नका.” कुणी रागावतं, कुणी थांबून ऐकतं. ऐकणाऱ्याला मी पुढची गोष्ट सांगते.

मधुमेहावर सदाफुलीचा काढा घेण्याची समजूत आपल्याकडे आहे तशी जमैकातही होती. १९५२ साली कॅनडातले डॉक्टर क्लार्क नोबल यांना त्यांच्या एका रुग्णाने जमैकाहून पाकिटात घालून या झाडाची पंचवीस पानं पाठवली. त्यांनी ती आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करत होते. उंदरांना अर्क पाजून बघितला, साखरेवर विशेष परिणाम दिसला नाही. मग तो टोचून दिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. साखरेचं औषध शोधणाऱ्या माणसाने इथेच तो नाद सोडून दिला असता तर नवल नव्हतं. नोबल यांनी उलटा विचार केला: ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या रोगावर हे चालेल का? रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांच्यासह त्यांनी १९५८ मध्ये व्हिनब्लास्टीन वेगळं करून दाखवलं. अमेरिकेतल्या एली लिली कंपनीतही याच झाडावर काम चालू होतं. तिथून व्हिन्क्रिस्टीन आलं आणि १९६३ साली त्याला मान्यता मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात ते आजही आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

या औषधाची मात्रा थेंबाथेंबाने मोजतात. ती जास्त झाली तर हातापायांच्या नसांवर परिणाम होतो, पांढऱ्या पेशी घटतात. पानात ही द्रव्यं इतकी विरळ असतात की ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. म्हणून चार फुलांनी कुणाचा कर्करोग बरा होणार नाही, हे उघड आहे. पण त्या पानामुळात एकच द्रव्य नसतं, शंभराहून अधिक अल्कलॉइड असतात. कुठल्या झाडात, कुठल्या ऋतूत कोणतं किती, हे चावणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्यात मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती. गर्भारशीने आणि लहान मुलांनी तर ती तोंडात घालूच नये. कर्करोगाशी झुंजणाऱ्या घरातली माणसं कधीकधी पानं मागायला येतात. त्यांना मी बसवते, चहा देते आणि हेच सगळं सांगते. राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयासारखी जागा आपल्या शहरात आहे. या झाडाचं औषध तिथल्या डॉक्टरांच्या हातूनच घ्यायचं, मोजून.

तामिळनाडू, आंध्र, गुजरातमध्ये हलक्या कोरडवाहू जमिनीत सदाफुलीची शेती होते, तिची पानं आणि मुळं औषधासाठी जातात. लखनौच्या सीमॅप संस्थेने त्यासाठी ‘निर्मल’ आणि ‘धवल’ असे वाण काढले आहेत. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी व्हिनब्लास्टीनचे घटक यीस्टकडून तयार करून घेतले, तेव्हा पुढे कदाचित एवढ्या पानांची गरज राहणार नाही. माझ्या कुंपणाशी उभ्या असलेल्या या साध्या झाडाने किती घरांतली मुलं परत आणली असतील, हा विचार मात्र मला रोज पाणी घालताना येतो.

११. बी वेळेवर धरा, अंधारात रुजवा.

फूल गळल्यावर देठाशी दोन बारीक, उभ्या शेंगा जोडीने येतात, इंचभर लांबीच्या. हिरव्या असतात तोवर बी कच्चं. पिवळट होऊन आतले काळे दाणे बाहेरून जाणवायला लागले की त्या तोडाव्या. एक दिवस जरी उशीर झाला तरी शेंग उकलते आणि बी मातीत सांडतं, मुंग्या उचलून नेतात. तोडलेल्या शेंगा कागदी पाकिटात टाकून सावलीत वाळवाव्यात, पाकिटावर रंग आणि महिना लिहावा. बी कुणाचं धरायचं हेही बघावं. जे झाड पूर्ण पावसाळा काळं न पडता उभं राहिलं, त्याचंच. असं दरवर्षी करत गेलं की आपल्या अंगणाला, आपल्या पावसाला सोसणारं घराणं तयार होतं. माझी आताची गुलाबी सदाफुली पूर्वीपेक्षा कमी दगावते, ती या निवडीमुळे असं माझं मत आहे.

पेरणी फेब्रुवारीच्या अखेरीस. बहुतेक लोक पाऊस पडल्यावर पेरतात, पण तेव्हा कोवळी रोपं जमिनीलगत कुजतात. मृग लागण्याआधी मुळं खोल गेलेली हवीत. पसरट कुंडीत रेती आणि गांडूळखत घ्यायचं, बी विरळ पसरून वर पाव इंच माती भुरभुरायची. सदाफुलीचं बी उजेडात नीट रुजत नाही, म्हणून कुंडीवर पुठ्ठा झाकायचा. आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब दिसले की तो लगेच काढायचा. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की रोपं जागेवर लावायची, संध्याकाळी, आणि पहिला आठवडा दुपारी गोणपाटाचा आडोसा. शेंडा एकदा खुडला की फांद्या फुटतात. मेच्या शेवटी पहिली फुलं येतात.

जून झाडांच्या पायथ्याशी आपोआप रुजलेली रोपंही सोडू नयेत, पण सगळी ठेवूही नयेत. बारीक खुरपीने मातीच्या गड्ड्यासकट उचलावीत, देठ आखूड आणि जाड असलेली निवडावीत. उरलेली मी जुन्या दुधाच्या पिशव्यांत लावून फाटकाशी ठेवते. सोसायटीतली मुलं, भाजीवाली ताई, पोस्टमन भाऊ, ज्याला हवं त्याने न्यावं. देताना दोनच गोष्टी सांगते: पाणी बोट घालून बघितल्याशिवाय देऊ नका, आणि दुसऱ्या दिवाळीच्या आत बी धरून ठेवा.